निदान स्वतःपुरते

"मामा, मला माझा आजार सापडला!" हे वाक्य कुणी आनंदाने उच्चारील, अशी कल्पना मी कधी केली नव्हती. गेल्या वर्षी दिवाळी आटोपून पंधरा-वीस दिवस झाले असतील. रविवारची सकाळ होती आणि पुण्याहून भाचीचा दूरध्वनी आला होता. ती चौतीस वर्षांची, संगणक क्षेत्रात बऱ्या हुद्द्यावर. तिच्या वडिलांची नोकरी बदलीची असल्यामुळे पाचवीपासून दहावीपर्यंत ती आमच्याच घरी, रामबागेत, राहून शिकली. त्यामुळे तिच्या आनंदात आणि काळजीत आमचा वाटा धरलेलाच असतो. आजाराचे नाव तिने इंग्रजी आद्याक्षरांत सांगितले, एडीएचडी. मराठीत त्याला अवधान-अभाव व अतिचंचलता विकार असे म्हणता येईल. निदान कुणी केले, असे मी विचारले. "कुणी म्हणजे? मीच. सगळं जुळतंय मामा. कामं अर्धवट राहतात, किल्ल्या सापडत नाहीत, बैठकीत बसले की मन भलतीकडेच. तुला प्रश्नावली पाठवते, तूही भर, म्हणजे कळेल."

पुढच्या बोलण्यातून कळले ते असे. रात्री झोप येईना म्हणून ती मोबाइलवर एकेक मिनिटाच्या चित्रफिती पाहत असे. त्यांतील एका तरुणीने आपली लक्षणे सांगितली, ती हिला आपलीच वाटली. मग त्या यंत्राने तशाच आणखी फिती पुढे केल्या आणि दोन दिवसांत जाहिराती सुरू झाल्या: एकाग्रता वाढविणाऱ्या गोळ्या, महिन्याच्या वर्गणीवर मन शिस्तीत ठेवणारी उपकरणे, पाच मिनिटांची घरबसल्या चाचणी. आजार आधी आला की जाहिरात आधी आली, हे तिलाही नीट सांगता येईना.

तिच्या आग्रहाखातर मी ती प्रश्नावली भरली. ती काही बनावट नव्हती. जागतिक आरोग्य संघटना आणि काही संशोधक यांनी मिळून तयार केलेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीचा तो सहा प्रश्नांचा पहिला भाग होता. काम शेवटास नेताना अडखळता का, ठरलेल्या भेटी विसरता का, डोके चालवावे लागेल असे काम लांबणीवर टाकता का, बराच वेळ बसावे लागले की हातपाय चाळवता का, अशा स्वरूपाचे ते प्रश्न. चार किंवा अधिक उत्तरे ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, तर तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी, एवढेच ती चाचणी सांगते. माझी बरोबर चार गेली. सहासष्टाव्या वर्षी, पेन्शन सुरू झाल्यावर, मला असा शोध लागावा याचे प्रथम हसू आले. मग वाटले, हसण्याजोगे यात फारसे काही नाही.

समर्थांच्या दासबोधात दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांचा आहे. लहानपणी आमचे आजोबा तो सायंकाळी मोठ्याने वाचीत आणि आम्ही मुले एकमेकांकडे बोटे दाखवीत असू. पुढे वय वाढले तसे लक्षात आले की, त्या यादीतले निदान पाच-सात चरण आपल्यालाही लागू पडतात. प्रामाणिक श्रोत्याला ते लागू पडावेत, हाच समर्थांचा हेतू असावा. मनुष्यस्वभावाची कोणतीही लांब यादी समोर धरली की, तीत आपला चेहरा दिसतोच. फरक पुढे पडतो. समर्थ यादी देतात आणि ती लक्षणे टाकून द्या, असे सांगतात. आजची यादी लक्षणे दाखविते आणि शेजारीच काहीतरी विकावयास ठेवते.

यातून जो प्रश्न मनात आला, तो या लेखाचा विषय आहे. 'स्वतःला ओळखा' ही आपल्याकडची जुनी शिकवण. मग स्वतःचा आजार स्वतः ओळखणे हा त्या आत्मज्ञानाचाच एक भाग मानावा काय? की स्वतःला दिलेले ते नाव दुसऱ्याच कुणीतरी आपल्या तोंडी घातलेले असते?

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्या पिढीतील पुष्कळांना हा विकार म्हणजे अमेरिकेने काढलेले खूळ वाटते. तसे नाही. अलेक्झांडर क्रिक्टन या स्कॉटिश वैद्याने १७९८ मध्येच अवधान टिकू न शकणाऱ्या रुग्णांचे वर्णन केले होते. लंडनच्या जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्ये अशा मुलांवर व्याख्याने दिली. १९३७ मध्ये चार्ल्स ब्रॅडली या अमेरिकन डॉक्टरांना एक उत्तेजक औषध दिल्यावर काही चंचल मुले शाळेत स्थिरावताना दिसली. हा विकार घराण्यांतून मोठ्या प्रमाणावर उतरतो, अनेकांच्या बाबतीत प्रौढपणीही टिकतो आणि योग्य रुग्णाला औषधाने खरा गुण येतो, हे आता वैद्यकात सर्वमान्य आहे. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य यंत्रणेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार तेथील सुमारे दीड कोटी प्रौढांचे असे निदान झालेले आहे आणि त्यांपैकी निम्म्यांचे ते प्रौढपणीच झाले.

निदानाचे निकष मात्र पाहण्यासारखे आहेत. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या ग्रंथानुसार प्रौढाच्या ठायी नवांपैकी किमान पाच लक्षणे हवीत. पण तेवढ्याने भागत नाही. त्यांतील काही वयाच्या बाराव्या वर्षापूर्वीपासून असावी लागतात. ती घर, कचेरी, मित्रमंडळ अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात. त्यांनी जगण्यात प्रत्यक्ष बाधा आणलेली असावी लागते आणि दुसऱ्या एखाद्या आजाराने त्यांचा उलगडा होत नाही, हेही पाहावे लागते. झोप पुरी होत नसेल, थायरॉइड बिघडले असेल, चिंता किंवा खिन्नता असेल, तरीही लक्ष असेच उडते.

या निकषांकडे सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाच्या नजरेने पाहिले की, एक गोष्ट ठळकपणे दिसते. यांतील निम्म्या गोष्टी रुग्णाला एकट्याला सिद्ध करता येत नाहीत. बाराव्या वर्षापूर्वी मी कसा होतो, हे माझ्यापेक्षा माझी आई अधिक जाणते. कचेरीत मी कसा वागतो हे सहकाऱ्यांना, आणि घरी कसा वागतो हे पत्नीला ठाऊक. म्हणजे या निदानाला साक्षीदार लागतो. महसुलाच्या प्रकरणात अर्जदाराच्या एकट्याच्या जबानीवर आम्ही फेरफार मंजूर करीत नसू. अर्जदार खोटे बोलतो असे त्यात गृहीत नसे. प्रत्येकाला आपल्या शेताचा बांध आपल्या बाजूने सरळ दिसतो, एवढाच त्याचा अर्थ.

आता जाहिरातीकडे वळू. स्मरण आणि एकाग्रता यांची विक्री आपल्याकडे नवी नाही. आमच्या वडिलांच्या पिढीने मराठी मासिकांतून रामतीर्थ ब्राह्मी तेलाच्या जाहिराती वाचल्या. आम्ही १९९० च्या दशकात 'मेमरी प्लस' पाहिले. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतील ब्राह्मीवरील संशोधनाचा त्याला आधार सांगितला जाई आणि बुद्धिबळपटू विश्वनाथन आनंद त्याच्या जाहिरातीत झळकत. परीक्षेच्या दिवसांत किती इंदुरी घरांत ती पाकिटे आली असतील! त्या पाकिटांनी मुले आनंद झाली नाहीत, पण फारसे नुकसानही झाले नाही, कारण त्या जाहिराती फक्त उपाय विकीत होत्या. मुलगा विसरतो हे घरच्यांना आधीच ठाऊक असे. त्याला वेगळे नाव कुणी देत नव्हते.

जाहिरातीतून उपायाबरोबर निदानही विकले जाऊ शकते, हे आपल्या संसदेने मात्र फार लवकर ओळखले होते. १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाचे तिसरे कलम मी अलीकडे पुन्हा वाचले. परिशिष्टात दिलेल्या रोगांचे निदान, बरे करणे, शमन, उपचार किंवा प्रतिबंध यांसाठी अमुक औषध वापरता येईल, असे सुचविणाऱ्या जाहिरातींना त्यात मनाई आहे. या क्रमात 'निदान' हा शब्द सर्वांत आधी येतो. परिशिष्टात मेंदूचे विकार आहेत, मज्जासंस्थेचे आहेत, 'नर्व्हस डेबिलिटी' नावाची त्या काळची लाडकी दुर्बलताही आहे. भोळ्या माणसाने जाहिरात वाचून स्वतःच स्वतःवर उपचार करू नयेत, हा या कायद्यामागचा उद्देश होता. हमदर्द दवाखान्याने त्याला आव्हान दिले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९५९ मध्ये कायद्याचा काही भाग रद्द केला. परंतु अशी जाहिरात म्हणजे घटनेने रक्षिलेले विचारस्वातंत्र्य नव्हे, हे तत्त्व उचलून धरले.

योगायोग असा की, ज्या १९५४ साली आपल्याकडे हा कायदा झाला, त्याच साली 'रिटालिन' हे औषध युरोपच्या बाजारात आले. ते १९४४ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या लेआंद्रो पानिझोन या रसायनशास्त्रज्ञाने तयार केले होते. त्याची पत्नी रिटा टेनिस खेळण्यापूर्वी ते घेत असे आणि तिच्यावरूनच नाव पडले, असे सांगतात. औषधाची पहिली चाहती आजारी नव्हती, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. आपल्याकडे हे औषध, मेथिलफेनिडेट, कडक 'एक्स' अनुसूचीत आहे. डॉक्टरची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत विक्रेत्याला दोन वर्षे जपून ठेवावी लागते. आपल्या आर. एन. टी. मार्गावरील दवा बाजारातून ते सहज उचलून आणता येत नाही, आणि ते योग्यच आहे. भूक, झोप, रक्तदाब आणि हृदय या सर्वांवर त्याचा परिणाम होऊ शकतो.

अमेरिकेत वाट वेगळी निघाली. चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांची थेट जनतेला उद्देशून जाहिरात करू देणारे अमेरिका आणि न्यूझीलंड हे दोनच देश सामान्यतः सांगितले जातात. १९९७ मध्ये अमेरिकेने दूरचित्रवाणीवरील अशा जाहिरातींचे नियम सैल केले. २००२ मध्ये प्रौढांच्या या विकारासाठीही मंजुरी असलेले पहिले औषध तेथे आले आणि मुलांपुरता मानलेला आजार प्रौढांच्या बैठकीच्या खोलीत शिरला. तेथील एका बड्या औषध कंपनीवर, शायरवर, सरकारने असा आरोप ठेवला होता की, आपल्या गोळीने मोटार-अपघात, बेकारी, अटक, इतकेच काय, घटस्फोटदेखील टळतील, अशा आधार नसलेल्या गोष्टी तिने पसरविल्या. कंपनीने दोष मान्य केला नाही. पण २०१४ मध्ये ५ कोटी ६५ लाख डॉलर भरून प्रकरण मिटविले. पुढे २०२५ च्या सप्टेंबरात हे नियम पुन्हा आवळण्याचा आदेश खुद्द तेथील अध्यक्षांनी काढला.

आपल्याकडे औषधाच्या जाहिरातीला असा आडकाठीचा कायदा आहे. पण आजाराचीच जाहिरात कुणी केली तर? 'तुम्ही कामे पुढे ढकलता? तुम्ही एकटे नाही,' असे कुणी प्रेमाने म्हटले, गोळीचे नाव घेतलेच नाही, तर १९५४ चा कायदा कुणाला धरणार? बहुतेक वेळा सांगणारा मनुष्य कंपनीचा नोकरही नसतो. तो आपला अनुभव मनापासून सांगत असतो. कॅनडातील संशोधकांनी २०२२ मध्ये या विषयावरील सर्वाधिक पाहिलेल्या शंभर चित्रफिती तपासल्या, तेव्हा त्यांतील बावन्न दिशाभूल करणाऱ्या आढळल्या. म्हणजे नाणे उडवून पाहिले तरी जवळजवळ तेवढेच खरे हाती लागेल.

येथवर लिहून झाले, तेव्हा लेख संपविण्यास हरकत नव्हती. जाहिरातीपासून सावध राहा, मोबाइल दूर ठेवा, मनाला अभ्यासाने वळवा, असा उपदेश आपल्या पिढीला सोपा जातो आणि आवडतोही. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनानेच मनाच्या चंचलतेची तक्रार केली आहे आणि तिच्यावर अभ्यास व वैराग्य हे उत्तर मिळाले आहे. तेव्हा यात नवे ते काय, असेही म्हणता आले असते. पण प्रश्नावलीतील एका प्रश्नाने मला तीस वर्षांपूर्वीच्या एका टेबलापाशी नेऊन उभे केले आणि हा उपदेश करण्याचा माझा अधिकार काढून घेतला.

१९९० च्या दशकात मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी शाखा-अधिकारी होतो. माझ्या हाताखाली एक कनिष्ठ लिपिक होता, सौंसर-पांढुर्ण्याकडचा, मराठी बोलणारा. माणूस प्रामाणिक, कुणाच्या एका पैशाला न शिवणारा. पण आवक-जावकीच्या नोंदी त्याच्याकडून हमखास सुटत. एका फाइलीवर टिपण लिहिता लिहिता तो दुसरी उघडी आणि संध्याकाळी त्याच्या टेबलावर आठ फाइली उघड्या पडलेल्या असत. जागेवर तर तो दहा मिनिटे बसत नसे. मजा अशी की, पूर आला, निवडणूक आली, धावपळीचे काम निघाले की याच्यासारखा माणूस नाही. तीन माणसांचे काम तो हसत करी. सहकारी त्याला 'चिमणराव' म्हणत. चिं. वि. जोशींचा वेंधळा नायक आपल्या सर्वांच्या घरोब्याचा. मीही त्या हसण्यात सामील होत असे.

पुढे एका न्यायालयीन प्रकरणात त्याच्या हातून मुदत चुकली आणि वरून ठपका आला. त्या वर्षीच्या त्याच्या गोपनीय अहवालात मी लिहिले: 'कामात लक्ष नाही. वारंवार समज देऊनही सुधारणा नाही. वृत्तीने बेजबाबदार.' पुढल्या वर्षीही जवळजवळ तेच. त्याची बढती राहिली. तो मजजवळ येऊन एवढेच म्हणाला होता, "साहेब, मी मुद्दाम करत नाही हो. मलाच कळत नाही असं का होतं." मी त्यावर त्याला वेळेचे नियोजन या विषयावर दहा मिनिटे बोललो, असे आठवते.

त्याला हा विकार होता काय? मला माहीत नाही, आणि आज तीस वर्षांनी, एका चाचणीच्या आधारे, त्याच्या पश्चात त्याचे निदान करणे म्हणजे मी ज्या चुकीवर लेख लिहितो आहे, तीच करणे होय. पण मला एवढे निश्चित माहीत आहे की, पहिली दोन वाक्ये हे माझे निरीक्षण होते आणि तिसरे वाक्य हे निदान होते. 'लक्ष नाही' हे मी पाहिले होते. 'बेजबाबदार' हे मी ठरविले होते. ते ठरविताना मी ना त्याच्या घरी विचारले, ना त्याच्या लहानपणाविषयी विचारले, ना धावपळीच्या कामात तोच मनुष्य इतका लखलखीत का होतो, याचा विचार केला. साक्षीदाराशिवाय निदान करणारा मीही एक होतो. फक्त माझ्या निदानाला शासकीय शिक्का होता.

तेव्हा चुका दोन प्रकारच्या आहेत. जेथे आजार नाही तेथे त्याचे नाव लावणे ही एक. आणि जेथे आजार असेल तेथे दोषाचे नाव लावणे ही दुसरी. पहिली चूक बाजार करतो, दुसरी आपण करीत आलो. आपल्या भाषेत वेंधळा, धांदरट, विसरभोळा, घिसाडघाईचा असे किती शब्द आहेत! त्यांत प्रेम असते हे खरे, पण ज्याला ते चाळीस वर्षे ऐकावे लागतात, त्याला त्यातले प्रेम केव्हाच ऐकू येईनासे होते. त्याच्या कानी केवळ आरोप उरतो. अशा मनुष्याला कुणीतरी येऊन सांगते, 'हा तुझा गुन्हा नव्हे, हा आजार आहे', तेव्हा त्याला जो सुटकेचा आनंद होतो, त्याची थट्टा करण्याचा अधिकार आपल्याला नाही. भाचीच्या आवाजात जो आनंद होता, तो याच जातीचा होता. जाहिरात एकाग्रता विकते असे आपण म्हणतो. माझ्या मते ती प्रथम निर्दोषत्व विकते, आणि त्याला गिऱ्हाईक मिळते, कारण घरांत आणि कचेऱ्यांत आपण दोषारोपाचा साठा भरपूर करून ठेवलेला असतो.

शिवाय, तज्ज्ञाकडे जा, हे सांगणे जितके सोपे, तितके जाणे सोपे नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आपल्या मध्य प्रदेशात दर लाख लोकसंख्येमागे ०.०५ मनोविकारतज्ज्ञ आढळले, म्हणजे वीस लाखांमागे एक. पाहणी केलेल्या राज्यांत हे प्रमाण सर्वांत कमी होते. माझ्या त्या लिपिकाने कुणाकडे जावयाचे होते? बाणगंगेच्या मनोरुग्णालयाचे नाव काढले असते, तर कचेरीने चिमणराव हे नाव टाकून त्याला दुसरे लावले असते.

लोकप्रिय माध्यमाने चांगलेही घडते, याचे उदाहरण आपल्यासमोर आहे. डिसेंबर २००७ मध्ये अमोल गुप्ते यांनी लिहिलेला 'तारे जमीन पर' आला आणि अक्षरे उलटी दिसणाऱ्या मुलाला आळशी म्हणणाऱ्या किती आईबापांनी अंधारात डोळे पुसले. त्या चित्रपटानेही एका आजाराचे नाव घरोघरी पोचविले. पण त्यात आणि आजच्या चित्रफितींत मला एक महत्त्वाचा भेद दिसतो. त्या कथेत मुलगा स्वतःचे निदान करीत नाही. एक शिक्षक त्याच्याकडे पाहतो, त्याच्या वह्या पाहतो, त्याच्या घरी जातो आणि मग बोलतो. चित्रपट आपल्याला सांगतो की, तुमच्या शेजारच्या मुलाकडे नीट पाहा. जाहिरात सांगते की, स्वतःकडे पाहा, आणखी पाहा, रात्री दोन वाजता एकट्यानेच पाहा. आणि एकट्या मनुष्याला काहीही विकता येते.

म्हणून आरंभीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. स्वतःविषयी शंका घेणे हा आत्मज्ञानाचा भाग आहे. ती शंका कुठून आली, मोबाइलवरून की मैत्रिणीकडून, याला फारसे महत्त्व नाही. पण शंका म्हणजे निकाल नव्हे. तो एकट्याने देता येत नाही, कारण स्वतःला ओळखणे ही आपण समजतो तितकी एकट्याची गोष्ट नाहीच. मी कोण आहे याचा बराच पुरावा दुसऱ्यांच्या स्मरणात ठेवलेला असतो. जे नाव मला त्या माणसांकडे घेऊन जाते, ते लाभाचे. जे त्यांच्यापासून तोडून मला दुकानापाशी सोडते, ते किती का खरे असेना, अपुरे आहे. आणि नाव खरे ठरले तरी जबाबदारी संपत नाही, तिचे रूप बदलते: 'मी असाच आहे' असे म्हणून न थांबता 'मी असा आहे, तर मला काय करावे लागेल' असे विचारावे लागते. मधुमेह ठरला म्हणून कुणी पथ्य सोडीत नाही.

भाचीला मी हे व्याख्यान दिले नाही. तिला एवढेच म्हटले, "अगं, तुझं खरंही असेल. पण डॉक्टरांना दाखव, आणि एकटी जाऊ नकोस." ती थोडी रागावली. "तुलाही खोटंच वाटतंय ना?" असे म्हणाली. "नाही, म्हणूनच दाखव म्हणतो," असे मी म्हटले. महिनाभराने तिचा पुन्हा दूरध्वनी आला. डॉक्टर तिच्याशी तासभर बोलले होते. झोपेविषयी विचारले, कामाच्या वेळांविषयी विचारले, रक्त तपासून आणावयास सांगितले, आणि लहानपणी तुम्हाला जवळून पाहिलेले कुणी आहे काय, असे विचारले. "मामा, त्या वर्षांचा साक्षीदार तूच. शाळेची प्रगतिपुस्तकं आहेत का रे घरी?"

माळ्यावरच्या पेटीतून मी ती काढली. पाचवी ते दहावीची सहा पुस्तके, कडा वाळवीने खाल्लेल्या. शिक्षकांच्या शेऱ्यांखाली पालक म्हणून सही माझीच होती. ते शेरे काय होते आणि पुढे डॉक्टरांचे मत काय पडले, हे येथे लिहीत नाही. ते तिचे आहे. पण एक कबुली देतो. सहा वर्षांच्या त्या शेऱ्यांखाली मी सही केली होती आणि त्यांतील एकही मला आठवत नव्हता. मी ते त्या वेळी वाचले होते काय, हेही सांगता येत नाही. लक्ष कुणाचे नव्हते, हा प्रश्न त्या दिवशी माळ्याखालच्या शिडीवर बसून मी स्वतःला विचारला.

'निदान' या शब्दाचे आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. एक वैद्याचे निदान. आणि दुसरे, 'निदान एवढे तरी करा' यातले, म्हणजे कमीत कमी. पहिले निदान डॉक्टरांनी करावे. दुसरे आपल्या हाती आहे. घरातले किंवा कचेरीतले कुणी म्हणाले की, 'माझे चित्त ठिकाणावर राहत नाही', तर निदान त्याला हसू नये, निदान त्याला लगेच उपदेश करू नये, आणि ते आपल्या मोबाइलला जितके तत्परतेने कळते, तितके निदान आपल्यालाही कळावे.

माझा तो लिपिक पुढे दुसऱ्या जिल्ह्यात बदलून गेला. सेवेत असतानाच तो वारला, असे काही वर्षांनी कानी आले. बदलीच्या दिवशी तो निरोप घ्यावयास आला होता. वाकून नमस्कार केला आणि जाताना आपण सारेच ज्येष्ठांना सहज म्हणतो तेच म्हणाला, "साहेब, लक्ष असू द्या." मी मान डोलावली आणि पुढची फाइल उघडली.